ती आठवण माझी नव्हतीच

मलप्रभाकाठ
रविवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले, एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१९८६चा जून. बेळगावात कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलेलं. मी सात वर्षांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला सायकलच्या दांडीवर बसवून खडेबाजारातून घरी आणतायत. दुकानांची शटरं एकामागोमाग एक धाडधाड खाली येतायत. कोपऱ्यावर कुणाची तरी एकच चप्पल पालथी पडलीय. अण्णांची हनुवटी माझ्या टाळूवर टेकलेली आणि ते सारखे म्हणतायत, "खाली बघ, खाली बघ."

ही आठवण मी आयुष्यभर सांगत आलो. बायकोला सांगितली, मुलांना सांगितली. १ नोव्हेंबरला, १९५६ साली बेळगाव कर्नाटकाकडं गेल्याच्या निषेधात पाळतात त्या काळ्या दिवसाच्या फेरीत चालताना दर वर्षी ती चप्पल माझ्या डोळ्यांपुढं येते.

पंधरा दिवसांपूर्वी अण्णांची जुनी ट्रंक उघडली. त्यात आजीनं गुरुजींकडून लिहवून घेतलेलं अंतर्देशीय पत्र मिळालं. नंदगडचा शिक्का, जून १९८६. लिहिलंय: "धाकटा इथे खुशाल आहे. ताप उतरला. तिकडे गडबड आहे असे कानावर येते, तरी निवळल्याशिवाय त्याला धाडीत नाही. थोरल्यास सांभाळावे."

म्हणजे मी तेव्हा बेळगावात नव्हतोच. नंदगडला आजोळी तापातून उठत होतो. दांडीवर बसला होता तो माझा थोरला दादा, तेव्हा अकरा वर्षांचा. घरी आल्यावर त्यानं मला ती हकिगत सांगितली असणार, पुन:पुन्हा सांगितली असणार, आणि कधीतरी मी त्याला खाली उतरवून स्वतः दांडीवर चढलो.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना विचारता येत नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट माझी होऊ शकते हे मी मान्य करेन. पण टाळूवरची ती हनुवटी? तिचा खरखरीतपणा मला आत्ता, हे लिहिताना जाणवतोय. तो कुठून आला? कुणाला असा अनुभव आहे का?


दुसरं_गेट
रविवार, रात्री १०.०२

वाचून अंगावर काटा आला. पण एक विचारतो, राग मानू नका. पत्रातच चूक असेल तर? आजीनं सांगितलं असेल एक, गुरुजींनी लिहिलं असेल दुसरं. तुमच्या टाळूला जे आठवतं ते एका कागदापायी का सोडायचं? माझाही १९८६चा एक दिवस असाच लख्ख डोळ्यांपुढं आहे. तो खोटा असेल असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.


निपाणीचे_मास्तर
सोमवार, सकाळी ६.४०

मलप्रभाकाठ, मी मानसशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न आयुष्यभर मुलांपुढं ठेवला, पण इतकं नेमकं उदाहरण मला कधी मिळालं नव्हतं.

योगायोग बघा, तुमच्या आठवणीचं आणि या विषयातल्या एका गाजलेल्या प्रयोगाचं साल एकच आहे. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, आतले सातही जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच उलरिक नाइसर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता, कुणाबरोबर होता, काय करत होता. १०६ कागद जमले. अडीचेक वर्षांनी त्यातले ४४ विद्यार्थी सापडले, तेव्हा त्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथाई मुलांचं उत्तर अगदी सगळ्या मुद्द्यांवर पहिल्याच्या विरुद्ध होतं. वर्गात बातमी कळलेला आता सांगत होता की मी खोलीवर टीव्ही बघत होतो. आणि खात्री मात्र बहुतेकांची दांडगी. पुढं त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण एकाचीही परत आली नाही. दुसरं_गेट, तुम्ही जे म्हणताय तेच त्या मुलांना वाटत होतं. खात्री ही एक वेगळीच भावना आहे. आठवण खरी असो वा नसो, तिची वाढ आपल्या जागी होत राहते.

हनुवटीचं सांगतो. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेलं पत्र, अशी आपली समजूत असते. मेंदूत तसं काही ठेवलेलं नसतं. काही खुणा असतात, आणि दर वेळी त्या खुणांवरून मेंदू प्रसंग नव्यानं रचतो. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच हे मांडलं होतं. २०००मध्ये करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की भीतीची पक्की झालेली आठवण नुसती जागी केली तरी ती काही काळ पुन्हा कच्ची होते आणि मेंदूला ती नव्यानं पक्की करावी लागते. त्या कच्चेपणात तिच्यात काय मिसळेल सांगता येत नाही. अण्णांनी तुम्हाला सायकलवर शंभरदा बसवलं असेल. हनुवटी त्या शंभरांतली आहे. ती खरी आहे, फक्त तिची तारीख बदलली.

भावंडांबद्दल तर स्वतंत्र अभ्यासच आहे. न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जुळ्या भावंडांना बालपणीच्या गोष्टी विचारल्या. २००१मध्ये तो प्रसिद्ध झाला. बऱ्याच जोड्यांमध्ये एकच प्रसंग दोघांनीही "हे माझ्या बाबतीत घडलं" म्हणून सांगितला. शर्यतीत बारावा कोण आला, सायकलवरून कुणाला ढकललं, असले प्रसंग. दोघंही मनापासून सांगत होते.


शहापूरची_लेक
सोमवार, सकाळी ११.२०

मास्तर, नमस्कार. मला यातलं पुस्तकी काही येत नाही, पण आमच्या घरी माग होता आणि आई साड्यांना रफू करायची. हात असा की रफू कुठं केलंय ते गिऱ्हाइकाला दाखवावं लागायचं, आपलं आपण सापडायचं नाही. तुमचं वाचून तेच आठवलं. फाटलेलं मेंदू आपल्याला दाखवत नाही, रफू करूनच हातात देतो.

आणि हे आठवणींपुरतं नाही, डोळ्यांपुढंही चाललेलं असतं. माझ्या मुलीनं दाखवलेलं करून बघा. कोऱ्या कागदावर आठ सेंटिमीटर अंतर ठेवून दोन टिकल्या शेजारी शेजारी लावा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्यानं डावीकडच्या टिकलीकडंच टक लावा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण वीतभराहून थोडं जास्त अंतर राहिलं की उजवीकडची टिकली गायब होते. अर्धवट नाही, पूर्ण जाते. डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस जिथून निघते तिथं प्रकाश टिपणारा पडदाच नसतो, म्हणून तेवढ्या जागी आपण प्रत्येक जण आंधळे असतो. सतराव्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच माणसानं हे पहिल्यांदा दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं बघत होती आणि कुणालाच आपल्या नजरेत भोक आहे हे कळलं नव्हतं.

मला त्याहून जास्त नवल पुढच्या गोष्टीचं वाटलं. टिकली गेली तिथं काळं भोक दिसत नाही. तिथं कोरा पांढरा कागद दिसतो. मी मग टिकली आमच्या इरकली लुगड्याच्या चौकड्यावर लावली. टिकली गेली आणि तिथं चौकडा दिसला! आजूबाजूचा ताणा-बाणा बघून मेंदूनं तेवढा तुकडा विणून टाकला. दहा वेळा केलं. दर वेळी विणतो.


किल्ला_तलाव
सोमवार, दुपारी १.०५

करून बघितलं, खरंच जाते. मध्येच एक शंका: आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो म्हणतात. उरलेला वापरला तर हे दोष जातील का?


निपाणीचे_मास्तर
सोमवार, दुपारी ३.३०

ती १० टक्क्यांची गोष्ट साफ चूक आहे. सगळा मेंदू वापरात असतो, झोपेतही. त्याचं वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के, आणि तो एकटा शरीराची २० टक्के ऊर्जा खातो. ९० टक्के भाग रिकामा बसवून ठेवायला शरीराला परवडलं नसतं. हे दोष काटकसरीतून आले आहेत. जेवढं येतं तेवढ्यावरून उरलेलं अंदाजानं भरायचं, हीच त्याची कामाची पद्धत. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो, म्हणून तर आपण जगतो.


संकेश्वरकर
सोमवार, रात्री ८.५०

रफूची गोष्ट वाचून माझ्या काकांबद्दल लिहावंसं वाटलं.

आमच्या गुऱ्हाळात ऊस घालताना काकांचा डावा हात चरकात गेला. मनगटाच्या वर कापावा लागला. मी तेव्हा बारावीत. जखम भरली, पण काका रात्री उठून बसायचे. म्हणायचे, मूठ आवळलीय, नखं तळव्यात रुतालीत, सोडव. कुठली मूठ? हातच नाही. काकू रडायची. गावात कुणी म्हणालं बाधा झाली, कुणी म्हणालं मनाचे खेळ. काका गप्प झाले. दुखतं म्हणायची पण चोरी झाली, कारण नसलेला हात दुखतो म्हणणाऱ्याला लोक वेडा समजतात.

एक दिवस न्हाव्यानं दाढी करताना डाव्या गालावरून वस्तरा फिरवला आणि काका दचकले. म्हणाले, माझ्या अंगठ्यावरून फिरवलास. मी हे पुढं एका फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं. त्यांनी समजावलं की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो, त्यात हाताची जागा आणि चेहऱ्याची जागा शेजारी शेजारी. हात गेला की त्याची जागा ओस पडते आणि शेजारच्या चेहऱ्याच्या संवेदना तिथं शिरतात. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी अशा रुग्णांवर काम केलंय. मूळचे तमिळनाडूचे, अमेरिकेत असतात. आरशाचा उपायही त्यांचाच, १९९०च्या दशकातला.

बाईंनी जुन्या कपाटाचा आरसा मागवला. तो काकांच्या छातीसमोर मधोमध, छातीशी काटकोनात उभा धरला, म्हणजे उजवा हात आरशात दिसेल आणि प्रतिबिंब बरोबर डाव्या हाताच्या जागी पडेल असा. म्हणाल्या, दोन्ही मुठी एकदम आवळा. आता दोन्ही सोडा. काकांनी आरशात बघत उजवी मूठ सोडली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. खालचा ओठ थरथरला आणि एवढंच म्हणाले, "सुटली रे."

सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. काकांना रोज पंधरा मिनिटं, दोनेक महिने करावं लागलं. तो आरसा अजून सोप्यात आहे. आपल्याला फसवणाऱ्या मेंदूला कधी उलटं फसवूनही बरं करता येतं, हे मी तिथं बघितलं. मलप्रभाकाठ, काकांचा हात नव्हता पण दुखणं खरं होतं. तुमच्या हनुवटीचंही तसंच असावं.


अथणीकर
मंगळवार, सकाळी ९.३०

मी घरी कन्नड बोलतो, शाळा मराठी. तुमच्या धाग्यावर लिहू की नको, दोन दिवस विचार केला.

त्या साली माझे वडील एसटीत कंडक्टर होते. एका आंदोलनाच्या दिवशी त्यांची गाडी अडवली, काच फुटली, कपाळाला चार टाके पडले. आमच्या घरी ही गोष्ट अशी सांगतात: गाडी उभी होती, लोकांनी कारण नसताना दगड टाकला. पुढं कॉलेजात एक मराठी मित्र झाला. त्याच्या गल्लीत तीच गोष्ट अशी सांगतात: गाडी मुद्दाम अंगावर घातली, म्हणून दगड उचलला. दोघांनी आपापल्या घरी जाऊन खोदून विचारलं. दोन्हीकडं शपथेवर सांगणारी, तिथं हजर असलेली माणसं होती. माझे वडील खोटं बोलणारे नव्हते. त्याचे काकाही नव्हते, मी त्यांना ओळखतो.

मला मास्तरांना विचारायचंय. विसरणं, तारीख बदलणं मी समजू शकतो. पण त्याच दिवशी संध्याकाळीसुद्धा दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिथं आठवण जुनी व्हायला वेळ कुठं मिळाला?


निपाणीचे_मास्तर
मंगळवार, दुपारी १२.१०

बरं केलंत लिहिलंत. वेळ लागत नाही, कारण गडबड बघण्यातच होते.

१९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना झाला. फार धसमुसळा. हाणामाऱ्या, मोडलेली हाडं. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोघांनी पुढं त्या सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या मुलांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे नियमभंग आपल्या संघाच्या दुपटीहून जास्त दिसले. डार्टमथच्या मुलांना दोन्ही बाजूंचे जवळजवळ सारखेच दिसले. पडद्यावर चित्र एकच होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं.

आणि गट पडायला फार मोठं कारणही लागत नाही. हेन्री ताजफेल हा पोलंडचा ज्यू, नाझींच्या काळात त्याच्या घरचे बहुतेक सगळे मारले गेले. त्यानं ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना सांगितलं की तुम्हाला क्ली या चित्रकाराची चित्रं आवडतात, तुम्हाला कँडिन्स्कीची, म्हणून तुमचे दोन गट. खरं तर गट आंधळेपणानं पाडलेले. मग पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले हे समजण्यासारखं आहे. पण अनेकांनी दोन्ही गटांना मिळून जास्त पैसे मिळतील असा पर्याय सोडला आणि आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत, असा पर्याय घेतला. दोन चित्रकारांच्या नावांवरून! इथं तर भाषा आहे, गाव आहे, १९५६पासूनचा इतिहास आहे.

यावरून मागणी चूक ठरते असं कुणी समजू नये. सीमाप्रश्नाची मागणी कागदपत्रांवर, खेड्यांच्या भाषिक आकड्यांवर उभी आहे, तिची बाजू तिथं मांडली जाते. मी त्या फेरीत चाललोय, पुढंही चालेन. दगड आधी कुणी मारला, एवढ्यापुरतं मात्र मी स्वतःच्या डोळ्यांचीही हमी देणार नाही.


मलप्रभाकाठ
मंगळवार, दुपारी १२.४५

अथणीकर, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या वडिलांच्या कपाळाला टाके पडले, त्यात दोन बाजू नाहीत. वडील आहेत का अजून?


अथणीकर
मंगळवार, दुपारी १.१५

आहेत. ब्याऐंशी वर्षांचे. व्रण अजून दिसतो.


वडगावची_सून
मंगळवार, रात्री ११.३०

सगळं घर झोपलंय, आता लिहिते.

माझ्या सासूबाई बैलहोंगलकडच्या. माहेर कन्नड. सतराव्या वर्षी लग्न होऊन वडगावात आल्या आणि इथलं घर कट्टर मराठी. त्यानंतर साठ वर्षं मराठीच. हरिपाठ पाठ, ओव्या पाठ, भांडणसुद्धा मराठीत. त्यांच्या तोंडून मी कन्नड शब्द ऐकला तो बाजारात, भाजी घेताना, तेवढाच. आमचे हे तर सीमालढ्यातले, लहानपणापासून.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवडे नुसतं बघायच्या. एका पहाटे हाक आली. धावत गेलो. म्हणाल्या, "नीरु कोडु." ह्यांना अर्थ कळत होता, बाजारातलं कन्नड कुणाला येत नाही? पाणी मागत होत्या. पण हे तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आई, पाणी म्हण. पाणी." त्या पुन्हा "नीरु." ते पुन्हा "पाणी म्हण." तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तांब्या घेतला आणि पाजलं.

तेव्हापासून बोलणं कन्नडमध्येच. मला "अक्का" म्हणतात, बहुतेक त्यांची थोरली बहीण समजतात. संध्याकाळ झाली की "मनीगे होगोणा" सुरू होतं. घरी जाऊया. कुठलं घर? जिथं साठ वर्षं राहिल्या ते हे घर त्यांना घर वाटत नाही, हे ह्यांच्या फार मनाला लागलं. महिनाभर ते आईच्या खोलीत कमी जायचे.

आणि एक गंमत म्हणू की काय म्हणू. संध्याकाळी दिवा लावून मी हरिपाठ सुरू केला की त्या माझ्याबरोबर सगळा म्हणतात. एक अक्षर चुकत नाही. स्वच्छ मराठी. संपला, की पाणी पुन्हा कन्नडमध्ये मागतात. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेलं, गाण्यासारखं झालेलं, मेंदू वेगळ्या वाटेनं आणतो. स्वतः वाक्य जुळवायचं असलं की दुसरी वाट, आणि ती लकव्यात मोडलीय. अशी पुष्कळ माणसं बघितलीत म्हणाले, ज्यांना बोलता येत नाही पण आरती येते, एक ते शंभर आकडे येतात.

हे आता शेजारच्या कन्नड मावशींकडून शिकतायत. वहीत देवनागरीत लिहून घेतात. काल रात्री आईच्या उशाशी बसून वहीत बघत बघत विचारत होते, "ऊटा आयता, अव्वा?" जेवण झालं का. त्यांनी डाव्या हातानं ह्यांचा गाल धरला.

मला एवढंच विचारायचं होतं, मास्तर. साठ वर्षांची भाषा अशी कशी पुसली जाते आणि पंधरा-सोळा वर्षांची कशी राहते?


निपाणीचे_मास्तर
बुधवार, सकाळी ७.००

ताई, तुमचं लिहिलेलं वाचून बराच वेळ बसून राहिलो.

१८८१मध्ये तेओद्यूल रिबो या फ्रेंच अभ्यासकानं म्हटलं होतं की आजारात नवं आधी जातं आणि जुनं टिकतं. त्याच न्यायानं आधी शिकलेली भाषा मागं राहते. १८९५मध्ये पित्र नावाच्या डॉक्टरांनी वेगळं मांडलं: आजाराआधी जी जास्त वापरात होती ती आधी परत येते. दोन्ही प्रकारचे रुग्ण मिळतात. एकाला पहिली भाषा परत येते, एकाला वापरातली, एकाला दोन्ही हळूहळू, आणि काहींना आज एक तर उद्या दुसरी. सासूबाईंची मराठी पुसली गेलेली नाही. पुसली असती तर हरिपाठ आला नसता आणि तुमचं मराठी त्यांना समजलं नसतं. समजतं ना? बोलून बाहेर काढायची वाट अडलीय. पुढंमागं एखादा मराठी शब्द आला तर आश्चर्य मानू नका. नाही आला तरी त्यांना टोकू नका. परीक्षा घेतल्यासारखं "पाणी म्हण" म्हटलं की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी अडतो.

आणि दोन भाषांचा त्यांना तोटाच झाला असं समजू नका. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. कधी शाळेत न गेलेल्या माणसांमध्येही हा फरक दिसला, म्हणजे तो शिक्षणामुळं आला असं म्हणता येत नाही. इतर देशांतल्या सगळ्या अभ्यासांत इतका स्पष्ट फरक आलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण तो अभ्यास आपल्यासारख्याच गल्ल्यांमधला आहे, जिथं माणूस घरात एक, दुकानात दुसरी आणि शेजारी तिसरी भाषा बोलतो.


काळा_कोट
बुधवार, दुपारी ४.२०

वकिली करतो, म्हणून एकच मुद्दा. साक्षीदार जितका ठाम, तितका न्यायालयात भारी पडतो. अमेरिकेत १९८४ साली रोनाल्ड कॉटन या तरुणाला बलात्कार झालेल्या मुलीनं ओळखलं. आधी फोटोंमधून, मग ओळखपरेडमध्ये, मग न्यायालयात. तिनं गुन्हा घडत असतानाच गुन्हेगाराचा चेहरा लक्षात ठेवायचा निश्चय केला होता, इतकी ती जागरूक. दहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढल्यावर १९९५मध्ये डीएनए तपासणीत कळलं की गुन्हेगार दुसराच. प्रत्येक ओळखीबरोबर तिच्या मनात कॉटनचा चेहरा मूळ चेहऱ्याच्या जागी बसत गेला होता. तिथं डीएनएमुळं निर्दोष सुटलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत चुकीची ओळख हे एक कारण होतं.

मी आता साक्षीदाराला पहिलं हेच विचारतो: हे तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलं, आणि त्यानंतर किती जणांशी बोललात?


दुसरं_गेट
बुधवार, संध्याकाळी ६.००

मी माझ्या १९८६च्या दिवसाबद्दल आईला विचारलं. ती म्हणाली तू घरीच होतास, तुझे बाबा बाहेरून येऊन सांगत होते. मी काही बोललो नाही. वरचं माझं वाक्य मागं घेतो.


मलप्रभाकाठ
बुधवार, रात्री १०.४०

आज पुण्याला दादाला फोन केला. पत्र वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मला वाटायचं तू ती गोष्ट उगाच स्वतःची करून सांगतोस, म्हणून मी सांगायची सोडून दिली. मला फार अपराधी वाटलं. मी त्याच्याकडून फक्त आठवण घेतली नव्हती, ती सांगायचा हक्कही घेतला होता. आपल्या आयुष्यातली अण्णांबरोबरची सगळ्यात मोठी गोष्ट त्यानं स्वतःच्या मुलांना कधी सांगितली नाही.

म्हटलं, आता तू सांग, मी मध्ये बोलणार नाही. त्यानं सांगितली. चप्पल त्याला आठवत नाही. शटरं आठवतात. "खाली बघ" आठवतं. आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती: तेव्हा पाऊस पडत होता. अण्णांनी सदऱ्याची वरची बटणं सोडून दादाचं डोकं आत घेतलं होतं, म्हणून हनुवटी टाळूवर होती. सदऱ्याला तंबाखूचा आणि ओल्या कापडाचा वास येत होता म्हणाला.

हा फोन संध्याकाळी सातला झाला. आता पावणेअकरा होत आलेत. मघापासून डोळे मिटले की खडेबाजार ओला दिसतोय.


निपाणीचे_मास्तर
बुधवार, रात्री १०.५५

आत्ताच्या आत्ता दादांना सांगा, सगळं स्वतःच्या हातानं कागदावर उतरवायला. खाली तारीख घालायला सांगा. आणि तुम्ही तो कागद इतक्यात वाचू नका.


मलप्रभाकाठ
बुधवार, रात्री ११.०५

सांगितलं. लिहायला बसलाय.